घरच्या कागदांपासून न्यायालयाच्या इंग्रजीपर्यंत

न्यायालयाचा एकही कागद नसलेले मराठी घर गोव्यात क्वचितच सापडेल. कपाटाच्या तळाशी किंवा पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेला तो गठ्ठा असतो. त्यात पणजोबांच्या काळातील पोर्तुगीज खरेदीखत असते, एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा असतो, कुळाच्या किंवा मुंडकाराच्या (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या) प्रकरणातील मामलेदारांचा आदेश असतो, आणि भावाभावांत वाटप झालेले असेल तर इन्व्हेंटरीतील हिश्श्यांचा तक्ताही असतो. घरातले बोलणे मराठीत किंवा कोकणीत, पोथ्या मराठीत, वर्तमानपत्र मराठीत. पण ज्या कागदाच्या आधारावर घर उभे आहे तो कागद मात्र इंग्रजीत. हे अंतर कापायला कायद्याची पदवी लागत नाही, कायद्याच्या इंग्रजीची ओळख लागते. ती टप्प्याटप्प्याने कशी करून घ्यावी, हे येथे सांगायचे आहे. विधी महाविद्यालयात नुकताच प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यालाही याचा उपयोग होईल. परंतु लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे मुख्यतः तो माणूस आहे, ज्याच्या हातात स्वतःच्याच घराचा आदेश आहे आणि तो वाचून घेण्यासाठी ज्याला दुसऱ्याची वाट पाहावी लागते.

काही वर्षांपूर्वी डिचोली तालुक्यात माझ्या मावशीच्या घरी मुंडकार नोंदणीच्या प्रकरणातील अपिलाचा आदेश आला. शेवटच्या परिच्छेदात ‘द मॅटर इज रिमांडेड टू द मामलतदार’ असे वाक्य होते. मावशीच्या यजमानांना ‘रिमांड’ हा शब्द वर्तमानपत्रातून ठाऊक होता: संशयिताला सात दिवसांचा रिमांड, अशा बातम्यांतून. ते दोन रात्री झोपले नाहीत. प्रत्यक्षात त्या वाक्याचा अर्थ एवढाच होता की, त्यांच्या विरोधात गेलेला मामलेदारांचा आदेश रद्द झाला असून प्रकरण नव्याने ऐकण्यासाठी मामलेदारांकडे परत पाठवले आहे. म्हणजे आदेश त्यांच्या बाजूने लागला होता. तेव्हापासून माझे मत पक्के झाले की, कायद्याचा शब्द एकटा शिकू नये. तो खटल्याच्या कोणत्या टप्प्यावर, कोणाच्या तोंडी आणि कोणत्या क्रियापदासोबत आला, हे पाहून शिकावा.

आरंभ मराठीतून करावा

पुष्कळ जण इंग्रजी शब्दांची वर्णानुक्रमे यादी पाठ करायला घेतात आणि दुसऱ्या आठवड्यात कंटाळतात. त्यापेक्षा एक वही घ्यावी आणि न्यायालयाबद्दल आपण रोज मराठीत जे बोलतो ते आधी लिहून काढावे. ‘केस लागली’, ‘तारीख पडली’, ‘मनाई मिळाली’, ‘जामीन झाला’, ‘निकाल राखून ठेवला’, ‘अपील फेटाळले’, ‘साक्ष झाली’, ‘समन्स बजावले’ अशी तीस-चाळीस वाक्ये कोणालाही सहज आठवतात. आता प्रत्येक वाक्यासमोर इंग्रजीतील संपूर्ण वाक्य लिहावे. केस लागली म्हणजे ‘द मॅटर इज लिस्टेड’. तारीख पडली म्हणजे ‘द मॅटर इज अॅडजर्न्ड’. निकाल राखून ठेवला म्हणजे ‘जजमेंट इज रिझर्व्ह्ड’. समन्स बजावले म्हणजे ‘द समन्स वॉज सर्व्ह्ड’. अशा रीतीने क्रियापद शब्दासोबतच मनात बसते, आणि कायद्याच्या इंग्रजीत क्रियापद चुकले की नेमका तिथेच अर्थ बिघडतो. अर्ज ‘फाइल’ होतो, साक्षीदार ‘एक्झामिन’ होतो, मुद्दे ‘फ्रेम’ होतात, आदेश ‘पास’ होतो, अपील ‘प्रिफर’ होते, स्थगिती ‘ग्रँट’ होते आणि पुढे ‘व्हेकेट’ होते. व्हेकेट हा शब्द घर रिकामे करण्याचा म्हणून आपल्याला माहीत असतो. स्थगितीच्या संदर्भात त्याचा अर्थ ती उठवणे असा होतो.

वहीत आणखी एक रकाना ठेवावा, तो शब्द कोठे भेटला याचा. खरेदीखतात, नोटिशीत, बातमीत की आदेशात? आठवड्याला दहा शब्द पुरेत, पण ते आपल्या कागदांतून आलेले असावेत. मराठी प्रतिशब्द अडला तर महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश उपयोगी पडतो. भारतीय संविधानाचा मराठी अनुवाद आणि इंग्रजी मूळ शेजारी ठेवून वाचण्यासारखा दुसरा अभ्यास नाही. ‘परंतु’ या शब्दाने सुरू होणाऱ्या तरतुदीला मराठीत परंतुक म्हणतात आणि इंग्रजीत ‘प्रोव्हायझो’, ही गोष्ट मला त्या दोन प्रती शेजारी ठेवल्यावरच कळली.

एका दाव्याचा प्रवास

शब्दांना घर मिळवून देण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे एक दिवाणी दावा आरंभापासून शेवटपर्यंत डोळ्यांपुढे आणणे. समजा, फोंडा तालुक्यातील एका गावात शेजाऱ्याने आपल्या भाटाच्या (बागायतीच्या) मेरेवर, म्हणजे हद्दीवर, चिरे रचायला सुरुवात केली. वकील नोटीस पाठवतात, ती ‘लीगल नोटीस’. उत्तर आले नाही, म्हणून दावा दाखल होतो. दाव्याला इंग्रजीत ‘सूट’ म्हणतात, आणि दाव्याच्या लेखी मसुद्याला ‘प्लेंट’. दोन्हींत घोळ होऊ देऊ नये. ‘कम्प्लेंट’ हा तिसराच शब्द. तो फौजदारी तक्रारीचा. दावा करणारा ‘प्लेंटिफ’, म्हणजे वादी. ज्याच्यावर दावा झाला तो ‘डिफेंडंट’, म्हणजे प्रतिवादी. दावा का उद्भवला हे सांगणारा परिच्छेद ‘कॉज ऑफ अॅक्शन’चा, त्याला मराठीत वादकारण म्हणतात. शेवटी न्यायालयाकडे काय मागितले आहे तो भाग ‘प्रेअर’. त्याचा देवाच्या प्रार्थनेशी संबंध नाही. ती मागणी आहे, आणि मागितले ते मिळाले तर त्याला ‘रिलीफ’ म्हणतात. न्यायालय सहसा मागितलेलेच देते, म्हणून कोणताही दावा वाचताना मी आधी प्रेअर वाचतो आणि मग पहिल्या पानाकडे वळतो.

काम थांबवण्यासाठी दाव्यासोबतच तात्पुरत्या मनाईचा अर्ज येतो, ‘टेम्पररी इंजंक्शन’. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ३९ चा हा विषय आहे. समोरच्याला ऐकल्याशिवाय मनाई दिली तर ती ‘एक्स पार्टे’, म्हणजे एकतर्फी. आहे ती परिस्थिती राखण्यास सांगितले तर ‘स्टेटस क्वो’, म्हणजे जैसे थे. समोरच्याला आधीच भीती असेल की आपल्या पाठीमागे असा आदेश घेतला जाईल, तर तो ‘कॅव्हिएट’ दाखल करून ठेवू शकतो, आणि ते ९० दिवस टिकते. मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रातील न्यायालयांत एक खास शब्द ऐकू येतो, तो म्हणजे ‘से’. अर्जावर ‘अदर साइड टू से’ असा शेरा पडतो, म्हणजे समोरच्या पक्षाने आपले म्हणणे द्यावे. इंग्रजी क्रियापदाचे येथे सरळ नाम झाले आहे आणि वकील ‘से दाखल केला’ असे मराठीत बिनदिक्कत म्हणतात. ‘रोजनामा’ आणि ‘वकालतनामा’ हे शब्दही इंग्रजी आदेशांत जसेच्या तसे येतात. ते आपलेच आहेत, म्हणून त्यांना बिचकू नये.

समन्स बजावल्यावर प्रतिवादीने ३० दिवसांत ‘रिटन स्टेटमेंट’ द्यायचे असते, म्हणजे लेखी कैफियत. कारणे नोंदवून न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. मग न्यायालय मुद्दे काढते, ते ‘इश्यूज’. साक्षीदाराची सरतपासणी ‘एक्झामिनेशन-इन-चीफ’, उलटतपासणी ‘क्रॉस’, आणि त्यानंतर गरज पडल्यास फेरतपासणी ‘री-एक्झामिनेशन’. युक्तिवाद ‘आर्ग्युमेंट्स’, आणि शेवटी निकाल.

निकालाशी थोडे थांबावे लागेल, कारण येथे तीन शब्द आहेत आणि आपण मराठीत तिन्हींना निकाल म्हणून मोकळे होतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २ मध्ये तिन्हींच्या व्याख्या वेगवेगळ्या आहेत. ‘जजमेंट’ म्हणजे न्यायाधीशांनी दिलेली कारणमीमांसा, मराठीत न्यायनिर्णय. ‘डिक्री’ म्हणजे पक्षकारांच्या हक्कांचा औपचारिक फैसला सांगणारा दस्तऐवज, मराठीत हुकूमनामा. जी डिक्री नाही अशी औपचारिक आज्ञा म्हणजे ‘ऑर्डर’, आदेश. अंमलबजावणी होते ती डिक्रीची, आणि त्या अंमलबजावणीला ‘एक्झिक्यूशन’ म्हणतात, ज्याचा फाशीशी काही संबंध नाही. डिक्री ज्याच्या हाती आहे तो ‘डिक्री होल्डर’ आणि जिने बांधला गेला तो ‘जजमेंट डेटर’. डेटर म्हणताना ‘बी’ अक्षराचा उच्चार करायचा नाही. उच्चाराचा विषय निघालाच आहे तर आणखी काही शब्द ध्यानात ठेवावेत: गहाण म्हणजे ‘मॉर्गेज’, यात ‘टी’ मुका, वारस म्हणजे ‘एअर’, यात ‘एच’ मुका, साक्षीदाराला बोलावणारे ‘सपीना’, यातही ‘बी’ मुका.

पक्षकारांची नावे प्रकरणानुसार बदलतात, आणि नाव पाहूनच प्रकरण कोणत्या प्रकारचे आहे ते ओळखता येते. दाव्यात प्लेंटिफ आणि डिफेंडंट. रिट अर्जात ‘पिटिशनर’ आणि ‘रिस्पॉन्डंट’. अपिलात ‘अपेलंट’ आणि ‘रिस्पॉन्डंट’. फौजदारी तक्रारीत ‘कम्प्लेनंट’ आणि ‘अक्यूज्ड’. दाव्यात हरलेला प्रतिवादी अपिलात अपेलंट होतो, त्यामुळे अपिलाचा आदेश वाचताना पहिल्या पानावर दोन्ही बिरुदे एकत्र दिसतात: ‘अपेलंट, ओरिजिनल डिफेंडंट’. तेथे बोट ठेवून आपण कोण आहोत ते आधी नक्की करावे. आदेशाचा शेवट वाचून चुकीच्या बाजूने आनंद किंवा दुःख मानलेली माणसे मी पाहिली आहेत.

अपिलाच्या शेवटी येणारी क्रियापदे मोजकीच आहेत. ‘अलाउड’ म्हणजे अपील मंजूर, ‘डिसमिस्ड’ म्हणजे फेटाळले, ‘पार्टली अलाउड’ म्हणजे अंशतः मंजूर. ‘डिस्पोज्ड ऑफ’ म्हणजे निकाली काढले. हरले की जिंकले हे या शब्दावरून कळत नाही, त्यासाठी आधीची वाक्ये वाचावीच लागतात. ‘द इम्प्यून्ड ऑर्डर इज क्वॉश्ड अँड सेट असाइड’ याचा अर्थ, ज्या आदेशाला आव्हान दिले होते तो आदेश रद्दबातल झाला. ‘इम्प्यून्ड’ हा शब्द रोजच्या बोलण्यात कोठेच येत नाही, पण प्रत्येक दुसऱ्या आदेशात तो असतो. ‘अपील’, ‘रिव्हिजन’ आणि ‘रिव्ह्यू’ यांतही फरक आहे. अपील वरच्या न्यायालयात होते. रिव्हिजन म्हणजे पुनरीक्षण, तेही वरच्या न्यायालयात, पण मर्यादित कारणांसाठी. रिव्ह्यू म्हणजे पुनर्विलोकन, ते ज्या न्यायालयाने आदेश दिला त्याच न्यायालयासमोर.

गोव्याचे स्वतःचे शब्द

इतर ठिकाणचा विद्यार्थी जे शब्द कधी ऐकणार नाही ते आपल्याला नित्य लागतात. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली, आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही तिचा कुटुंबविषयक भाग चालू राहिला. वारसाहक्काचा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या उत्तराधिकार कायद्यात आहे. त्यामुळे विवाहित जोडप्याच्या संपत्तीबद्दल येथे ‘कम्युनियन ऑफ असेट्स’ असे म्हणतात, म्हणजे वेगळा करार केलेला नसेल तर संपत्ती दोघांची सामाईक. त्यातील पती किंवा पत्नीचा अर्धा वाटा म्हणजे ‘मोइटी’, आणि तो ज्याचा तो ‘मोइटी होल्डर’. माणसाला मृत्युपत्राने मनाप्रमाणे देता येतो तो अर्धा भाग ‘डिस्पोजेबल’, आणि मुलांसारख्या सक्तीच्या वारसांसाठी राखलेला उरलेला भाग ‘लेजिटीम’. वाटपाची न्यायालयीन कार्यवाही म्हणजे ‘इन्व्हेंटरी प्रोसीडिंग्ज’. दुकानातील मालाची यादी असा अर्थ देणाऱ्या सर्वसाधारण शब्दकोशावर येथे विसंबून चालणार नाही.

एक-चौदाच्या उताऱ्यातील ‘ऑक्युपंट’ हा रकानाही नीट समजून घ्यावा. ऑक्युपंट म्हणजे कब्जेदार. ‘टायटल’ म्हणजे मालकी हक्क. उताऱ्यातील नोंद खरी आहे असे कायदा गृहीत धरतो, पण ते गृहीतक पुराव्याने खोडता येते, आणि मालकी सिद्ध करण्यासाठी खरेदीखत, बक्षीसपत्र किंवा वाटपाचा आदेश लागतो. त्याच उताऱ्यात ‘टेनंट’ म्हणजे कूळ. मुंबईच्या कागदात टेनंट म्हणजे भाडेकरू असेल, आपल्या शेताच्या कागदात तो कूळ असतो. ‘म्युटेशन’ म्हणजे नोंदीतील फेरफार. मुंडकार, कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था), मामलतदार हे शब्द इंग्रजी कायद्याच्या नावांतच बसलेले आहेत. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याचे इंग्रजी नाव वाचले तर ते लगेच दिसते. देवस्थानाचे महाजन असलेल्यांना ‘अॅडमिनिस्ट्रेटर ऑफ देवस्थान्स’ ही उपाधी पत्रांवर दिसत असेल. तेथेही मामलेदारच असतात.

सरावासाठी घरातील एखादे अलीकडचे खरेदीखत काढावे आणि एक एक वाक्य सोडवत जावे. पहिल्या पानावर ‘व्हेंडर’ म्हणजे विकणारा आणि ‘पर्चेसर’ म्हणजे घेणारा. गोव्याच्या खतात विकणाऱ्याच्या नावाखाली बहुधा त्याच्या पत्नीचे नावही व्हेंडर म्हणून असते, कारण सामाईक संपत्तीतील स्थावर मिळकत तिच्या संमतीवाचून विकता येत नाही. नंतर ‘व्हेअरअॅज’ने सुरू होणारे परिच्छेद येतात, ‘ज्याअर्थी’ हा त्याचा जुना मराठी जोडीदार. या परिच्छेदांत मिळकत कोणाकडून कोणाकडे आली तो इतिहास असतो, म्हणून तेथे वर्षे आणि नावे पेन्सिलीने अधोरेखित करावीत. ‘कन्सिडरेशन’ म्हणजे विचार नव्हे, मोबदला. ‘फ्री फ्रॉम ऑल एन्कम्ब्रन्सेस’ म्हणजे कोणताही बोजा नसलेली. ‘इन्डेम्निफाय’ म्हणजे पुढे काही निघाले तर नुकसान भरून देण्याची हमी. शेवटी ‘शेड्यूल’, ज्यात चतुःसीमा असतात: ‘बाउंडेड ऑन द ईस्ट बाय’, पूर्वेस अमुक. शेड्यूल आधी वाचावे आणि सर्व्हे क्रमांक उताऱ्याशी ताडून पाहावा. एक खत असे पूर्ण सोडवले की पुढच्या खतातील बहुतेक वाक्ये ओळखीची निघतात.

‘शॅल’ आणि ‘मे’ यांच्याकडेही लक्ष हवे. ‘शॅल’ सहसा बंधन सांगतो, ‘मे’ मुभा देतो. ‘सब्जेक्ट टू’ म्हणजे अमुक अटीच्या अधीन राहून, आणि ‘नॉटविथस्टँडिंग’ म्हणजे अमुक काहीही असले तरी. ही दोन पदे एकमेकांच्या उलट दिशेने ओढतात. पहिल्यात समोरची तरतूद वरचढ, दुसऱ्यात ही तरतूद वरचढ. लॅटिन शब्दांतील ‘प्रायमा फेसी’ म्हणजे प्रथमदर्शनी, ‘सुओ मोटो’ म्हणजे स्वतःहून दखल, ‘सायने डाय’ म्हणजे बेमुदत. ‘इन कॅमेरा’ म्हणजे चित्रीकरण नव्हे, तर बंद दालनात, बाहेरच्यांना प्रवेश न देता.

कानांनी शिकणे

वाचनाने जे साधत नाही ते न्यायालयाच्या मागच्या बाकावर तासभर बसल्याने साधते. आपली न्यायालये खुली असतात. मोबाइल बंद करून, न बोलता कोणीही बसू शकतो. म्हापसा, डिचोली, फोंडा, मडगाव, जेथे जवळ असेल तेथे उलटतपासणीच्या वेळी जावे. साक्षीदार कोकणीत किंवा मराठीत बोलतो आणि न्यायाधीश ते इंग्रजीत टंकलेखकाला सांगतात. हा डोळ्यांसमोर घडणारा अनुवाद फुकट मिळणारी उत्तम शिकवणी आहे. वकील विचारतात, ‘तुम्ही त्या दिवशी तिथे नव्हताच, खरे ना?’ साक्षीदार कोकणीत म्हणतो, ‘फट’, म्हणजे खोटे. कागदावर येते, ‘इट इज नॉट ट्रू टू सजेस्ट दॅट आय वॉज नॉट प्रेझेंट.’ एका शब्दाच्या नकाराला एवढे लांब वाक्य का लागले, याचा विचार करावा: प्रश्न कागदावर उतरत नाही, म्हणून उत्तरातच तो सामावून घ्यावा लागतो. ‘आठवत नाही’ म्हणजे ‘आय डू नॉट रिमेंबर’ आणि ‘सांगता येणार नाही’ म्हणजे ‘आय कॅनॉट से’. पहिले स्मरणाबद्दल, दुसरे माहितीबद्दल, आणि युक्तिवादात दोन्हींचा उपयोग वेगळा होतो.

घरबसल्या ऐकायचे असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांची सुनावणी सप्टेंबर २०२२ पासून थेट दाखवली जाते. तेथे ‘आय सबमिट’ हे शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येतील. वकील न्यायालयाला सांगत नाहीत, सादर करतात. समोरच्या वकिलांचा उल्लेख ‘माय लर्नेड फ्रेंड’ असा होतो. न्यायाधीशांना काय म्हणावे याबद्दल भारतीय वकील परिषदेने २००६ मध्ये नियम केला: उच्च व सर्वोच्च न्यायालयात ‘युवर ऑनर’ किंवा ‘ऑनरेबल कोर्ट’, खालच्या न्यायालयांत ‘सर’ किंवा प्रादेशिक भाषेतील तसाच शब्द. तरीही ‘माय लॉर्ड’ कानावर पडतेच. सामान्य पक्षकाराने ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हटले तर त्यात काहीही कमी पडत नाही.

बातमीतून बोलण्याकडे

न्यायव्यवस्थेबद्दल इंग्रजीत चर्चा करता यावी असे ज्यांना वाटते त्यांनी एकाच खटल्याची मराठी आणि इंग्रजी बातमी शेजारी ठेवावी. पणजीच्या पाटो भागातील मध्यवर्ती ग्रंथालयात दोन्ही भाषांतील वर्तमानपत्रे मिळतात. मराठीत ‘गुन्हा दाखल’ असे छापले जाते, ते ‘एफआयआर रजिस्टर्ड’ या टप्प्यासाठी. नंतर तपास होऊन आरोपपत्र, ‘चार्जशीट’. नंतर न्यायालय आरोप निश्चित करते, ‘चार्जेस आर फ्रेम्ड’. या तीन टप्प्यांत महिने किंवा वर्षे जातात, आणि गुन्हा यांपैकी एकाही टप्प्यावर सिद्ध झालेला नसतो. ‘डिस्चार्ज’ म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून मुक्तता, ‘अॅक्विटल’ म्हणजे खटला चालून निर्दोष सुटका. कलमांचे क्रमांक सांगताना १ जुलै २०२४ ही तारीख लक्षात ठेवावी. त्या दिवसापासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाचे ३०२ आता १०३ झाले आहे आणि फसवणुकीचे ४२० आता ३१८ मध्ये आहे, परंतु त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांत जुनेच क्रमांक चालतात.

बातमी वाचून झाली की ती तीन इंग्रजी वाक्यांत मोठ्याने सांगावी: कोण कोणाविरुद्ध कोणत्या न्यायालयात काय मागायला गेले, न्यायालयाने काय ठरवले, पुढे काय. येथे ‘हेल्ड’, ‘ऑब्झर्व्ह्ड’ आणि ‘डायरेक्टेड’ ही तीन क्रियापदे जपून वापरावीत. ‘हेल्ड’ म्हणजे निर्वाळा दिला, तो बंधनकारक असतो. ‘ऑब्झर्व्ह्ड’ म्हणजे मत नोंदवले. ‘डायरेक्टेड’ म्हणजे निर्देश दिले, म्हणजे कोणीतरी काहीतरी करायलाच हवे. मराठी मथळ्यात ‘न्यायालयाने ताशेरे ओढले’ असे असते तेव्हा मूळ आदेशात यांपैकी कोणते क्रियापद आहे ते पाहावे.

न्यायालयांची उतरंड सांगताना आपले घर आधी सांगावे. तालुक्यात कनिष्ठ व वरिष्ठ स्तराचे दिवाणी न्यायाधीश, तेच बहुधा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारीही. उत्तर व दक्षिण गोव्यासाठी जिल्हा व सत्र न्यायालये. त्यांवर मुंबई उच्च न्यायालयाचे गोवा खंडपीठ, जे ३० ऑक्टोबर १९८२ रोजी पणजीत सुरू झाले आणि २०२१ पासून पर्वरीच्या नव्या इमारतीत आहे. आणि शेवटी दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय. उच्च व सर्वोच्च न्यायालयांची भाषा संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजी आहे, आणि आपण हा सारा खटाटोप करतो तो त्यामुळेच. ‘बेंच’ शब्दाचे तीन अर्थ येथे एकत्र येतात: खंडपीठाचे ठिकाण, एकत्र बसणारे न्यायाधीश, आणि एकूण न्यायाधीशवर्ग. दोन न्यायाधीश बसले तर ‘डिव्हिजन बेंच’, एकटे बसले तर ‘सिंगल जज’.

परदेशाबद्दल बोलताना नावावरून दर्जा ठरवू नये. अमेरिकेत ‘डिस्ट्रिक्ट कोर्ट’ हे संघराज्याचे मूळ खटले चालवणारे न्यायालय आहे, आणि न्यूयॉर्क राज्यात ‘सुप्रीम कोर्ट’ हे सर्वोच्च नसून खटले चालवणारे न्यायालय आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाचे नाव ‘कोर्ट ऑफ अपील्स’. इंग्लंडमध्ये आजचे सुप्रीम कोर्ट २००९ मध्ये सुरू झाले, त्यापूर्वी शेवटचे अपील हाउस ऑफ लॉर्ड्सकडे जाई. तेथे ‘सॉलिसिटर’ आणि ‘बॅरिस्टर’ असे दोन वर्ग आहेत. आपल्याकडे १९६१ च्या कायद्याने एकच ‘अॅडव्होकेट’. ‘सिव्हिल’ या शब्दाचे दोन अर्थ तर गोव्यात दोन्ही जिवंत आहेत. फौजदारीच्या विरुद्ध तो दिवाणी; आणि न्यायालयांच्या निवाड्यांतून वाढलेल्या इंग्लंडच्या ‘कॉमन लॉ’च्या विरुद्ध तो पोर्तुगालसारख्या देशांची संहितेवर उभी असलेली पद्धती. कायदा संहितेतून आलेला आणि न्यायालय इंग्रजी घडणीचे, ही आपली स्थिती इंग्रजीत दोन वाक्यांत सांगता आली तर परराज्यातील माणसाशी या विषयावर सविस्तर बोलता येईल.

शेवटी एक कागद हातात घ्यावा: आदेशाची प्रमाणित प्रत, ‘सर्टिफाइड कॉपी’. तिच्या मागच्या बाजूला शिक्का असतो आणि त्यात तीन तारखा असतात. ‘अप्लाइड ऑन’ म्हणजे प्रतीसाठी अर्ज केला तो दिवस, ‘रेडी ऑन’ म्हणजे प्रत तयार झाली तो दिवस, ‘डिलिव्हर्ड ऑन’ म्हणजे हातात पडली तो दिवस. दिवाणी दाव्याच्या हुकूमनाम्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत आणि उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील करावे लागते, आणि प्रत मिळवण्यासाठी लागलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १२ नुसार वगळला जातो. म्हणून निकाल लागला त्याच दिवशी प्रतीचा अर्ज द्यावा, प्रत हातात आल्यावर आधी ती उलटी करून त्या तीन तारखा वहीत उतरवाव्यात, आणि मग पहिले पान वाचायला घ्यावे.